बोर्ड कुठलाही घ्या, आधी फासे आणा

मागच्या अंकात याच सदरात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की बिटकॉइनचं हार्डवेअर वॉलेट विकतच घ्यायला पाहिजे असं काही नाही, छंद म्हणून आपण जे छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरतो त्यावरही ते बनवता येतं. त्या एका वाक्यावर किनारपट्टीवरून इतके प्रश्न आलेत की यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून हाच विषय घेतोय. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय आणि ते अगदी बरोबर आहे, कोणाकडे किती आहे ते गावभर व्हायची गरज नाही, म्हणून खाली फक्त गावांची नावं दिली आहेत.

रत्नागिरीहून: सर, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. छोटी स्क्रीन असलेला ईएसपी-३२ बोर्ड माझ्याकडे पडून आहे. थोडे बिटकॉइन आहेत पण ते एक्स्चेंजवरच, म्हणजे जिथे विकत घेतले त्या कंपनीकडेच आहेत. तयार वॉलेट परवडत नाही. या बोर्डवर मी स्वतः कोड लिहून वॉलेट बनवलं तर चालेल का आणि सुरुवात कुठून करू?

बनव, जरूर बनव. फक्त ज्या वॉलेटमध्ये खरे पैसे जाणार त्याचा सही करणारा कोड स्वतः लिहू नको, आणि हे मी तुझ्या हुशारीवर शंका घेऊन सांगत नाहीये, ती जागाच तशी अवघड आहे.

हे यंत्र नक्की करतं काय ते आधी डोक्यात पक्कं असू दे. कॉइन त्याच्यात नसतात, ते ब्लॉकचेनवरच म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीतच असतात, यंत्रात असते ती प्रायव्हेट की म्हणजे एक भलामोठा गुप्त आकडा. ती ज्या मूळ गुपितातून निघते त्याला सीड म्हणतात, आणि ते बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांत लिहून ठेवता येतं. कामं तीनच, तो आकडा तयार करायचा, इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरला तो कधीही दिसू द्यायचा नाही, आणि व्यवहार समोर आला की स्क्रीनवर दाखवून, तू बटण दाबलंस तरच सही करायची. बॅलन्स दाखवणं, फी ठरवणं, व्यवहार नेटवर सोडणं हे सगळं लॅपटॉप नाहीतर फोनवरचं ॲप करतं.

गोम सहीमध्ये आहे. प्रत्येक सहीला एक नवा गुप्त आकडा लागतो, आणि चुकून तोच आकडा दोन सह्यांना वापरला गेला तर त्या दोन सह्या बघून कोणीही साध्या बीजगणिताने तुझी प्रायव्हेट की काढू शकतो, आणि सह्या तर ब्लॉकचेनवर सगळ्या जगाला दिसतात. प्लेस्टेशन ३ ची सही करायची की २०१० मध्ये अशीच उघडी पडली. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या रँडम आकड्यांमध्ये दोष निघाला आणि फोनवरच्या वॉलेटमधले लोकांचे बिटकॉइन गेले. त्याच वर्षी आलेल्या आरएफसी ६९७९ या तांत्रिक दस्तऐवजामध्ये हा आकडा व्यवहार आणि की या दोघांवरूनच काढायची पद्धत दिली आहे, चांगल्या लायब्ररी आता तशाच चालतात, त्यामुळे जे काम इतक्या लोकांनी इतकी वर्षं तपासून ठेवलंय ते वापर. शिकण्यासाठी स्वतःचा कोड लिहायचा असेल तर टेस्टनेटवर, म्हणजे बिटकॉइनच्या सरावाच्या नेटवर्कवर, हवा तेवढा लिही, तिथले कॉइन फुकट मिळतात आणि गेले तर काहीच जात नाही.

तुझा बोर्ड लिलिगोचा टी-डिस्प्ले असेल तर त्यावर ब्लॉकस्ट्रीमच्या जेड वॉलेटचं फर्मवेअर म्हणजे बोर्डवर चढवायचा प्रोग्रॅम चालतो, तो ओपन सोर्स आहे आणि जेडची मूळ चिपसुद्धा ईएसपी-३२ च आहे. के-२१० चिप आणि कॅमेरा असलेला बोर्ड असेल तर क्रक्स, एसटीएम३२एफ४६९ डिस्कव्हरी नावाचा मोठ्या टचस्क्रीनचा बोर्ड असेल तर स्पेक्टर-डीआयवाय, आणि रास्पबेरी पाय झिरोवर सीडसायनर. पाय झिरो खरं तर मायक्रोकंट्रोलर नाही, लिनक्स चालणारा अख्खा छोटा कॉम्प्युटर आहे, पण त्याला १.३ इंची स्क्रीन, छोटा कॅमेरा आणि मेमरी कार्ड इतकंच लागतं, आणि हेडर पिना आधीच लावलेला झिरो घेतलास तर सोल्डरिंग आयर्न हातात धरायचीही वेळ येत नाही. मला विचारशील तर पैसे ठेवायला सीडसायनर किंवा क्रक्स, कारण ही दोन्ही बंद केली की सगळं विसरतात आणि कॉम्प्युटरशी वायरने बोलतच नाहीत, क्यूआर कोड दाखवायचा आणि क्यूआर कोड वाचायचा. ईएसपी-३२ वर हात साफ कर.

फर्मवेअर चढवताना एकच गोष्ट सांगतो. फाइल डाउनलोड झाली की तिचा हॅश (फाइलच्या ठशासारखा आकडा) आणि बनवणाऱ्याची सही तपासल्याशिवाय ती बोर्डवर टाकू नको, दोन मिनिटांचं काम आहे आणि कंटाळा करण्यासारखं नाही. मग बूटचं बटण दाबून धर, यूएसबी लाव, बटण सोड. बोर्ड लॅपटॉपला दिसलाच नाही तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी केबल बदलून बघ, चार्जिंगच्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. आणि सिक्युअर बूटसाठी (सही असलेलंच फर्मवेअर चालू देणारी सोय) ई-फ्यूज, म्हणजे चिपमधले एकदाच बदलता येणारे बिट, जाळायच्या कमांड दिसतील त्यांना पहिल्या बोर्डवर हात लावू नको, एकदा जळलेला ई-फ्यूज परत येत नाही.

मालवणहून: दादा, मी आर्डुइनो उनोवर बारा शब्द तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि ते शब्द फोनमधल्या वॉलेटमध्ये घालून त्यात पैसे पण टाकलेत. सगळं नीट चाललंय. पण बापूस रोज विचारता, ह्या खेळण्यात पैशे कित्याक घालतंस? त्याका काय सांगू?

त्यांना सांगा की तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि पुढचं वाचण्याआधी ते पैसे दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवा. एक्स्चेंजवर परत पाठवलेत तरी चालतील पण आजच्या आज हलवा.

तुमचा प्रोग्रॅम तुम्ही पाठवलाय म्हणून बघता आला. त्यात रँडमसीडला ॲनालॉगरीड दिलाय, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या पिनवरचं व्होल्टेज वाचून त्यावरून रँडम आकडे सुरू करायचे. हे शिकवणीच्या पहिल्या धड्यात असतं, एलईडी कधीही कसाही लुकलुकवायला ठीकच आहे. पण उनोवर ॲनालॉगरीड ० ते १०२३ यांपैकी एक आकडा देतो. म्हणजे सुरुवाती फार तर १०२४, आणि म्हणून तुमच्या प्रोग्रॅममधून बारा शब्दांचे संच निघू शकतात ते पण फार तर १०२४. बारा शब्दांमागे १२८ बिट असायला पाहिजेत, म्हणजे चौतीसवर सदतीस शून्यं इतक्या शक्यता, आणि त्या जागी तुमच्याकडे हजारभर आहेत! ज्याला हा प्रोग्रॅम माहीत आहे तो साध्या लॅपटॉपवर बसल्या जागी सगळे संच काढून बघेल. वाईट म्हणजे बाहेरून काहीच कळत नाही, शब्द अगदी खरे दिसतात, वॉलेट ते आनंदाने घेतं, पैसे येतात, जातात, सगळं नीट चाललंय असंच वाटत राहतं.

हे फक्त नवशिक्यांच्या बाबतीत होतं असं नाही बरं का. लिबबिटकॉइन एक्सप्लोरर नावाचं जुनं नावाजलेलं सॉफ्टवेअर, त्याच्या ३.x आवृत्त्यांमधली सीड काढायची कमांड फक्त ३२ बिटांवर, तीही कॉम्प्युटरच्या घड्याळावरून चालत होती, म्हणजे शक्यता साधारण ४२९ कोटी. ऐकायला खूप वाटतात पण कॉम्प्युटरला काही नाही. २०२३ मध्ये चोरांनी ती सगळी वॉलेटं धुवून नेली, नऊ लाख डॉलरच्या वर गेले. मिल्क सॅड या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं.

मग चांगला बोर्ड घेतला की सुटलो का, तर तसंही नाही. ईएसपी-३२ मध्ये हार्डवेअरचा रँडम जनरेटर आहे, पण बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीच्याच कागदपत्रांत लिहिलंय की वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू असेल, किंवा आतला एडीसीचा (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचा) नॉइज मुद्दाम चालू केला असेल, तरच त्यातून येणारे आकडे खरे रँडम धरा. आता बघा, माणूस सुरक्षेसाठी म्हणून रेडिओ बंद करतो आणि त्याच झटक्यात रँडमपणाचा झरा आटवून टाकतो, आणि त्याला पत्ताच नसतो. पहिल्या रास्पबेरी पाय पिकोच्या आरपी२०४० चिपमध्ये तर असा खास जनरेटरच नव्हता, तो २०२४ च्या आरपी२३५० मध्ये आला.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं एकच आहे, बोर्डावर विश्वास टाकायच्या आधी फासे आणा. लुडोतले साधे सहा बाजूंचे. एका फेकीत साधारण २.५८ बिट मिळतात, म्हणून १२ शब्दांना ५० फेकी आणि २४ शब्दांना ९९. स्वस्तातले फासे थोडे एका बाजूला झुकतात, तेव्हा तुमचं फर्मवेअर घेत असेल तर ५० च्या जागी साठ-सत्तर फेका, बिघडत काही नाही. पडवीत पाट मांडा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पाच फासे एकदम टाका आणि जसे पडतील तसे डावीकडून उजवीकडे वाचून थेट यंत्रात दाबत जा. सहाचा आकडा चार वेळा एकापाठोपाठ आला म्हणून तो खोडू नका, तुम्ही खोडायला लागलात की रँडम राहिलंच नाही. मनाने शब्द निवडणं तर अजिबातच नको, आपल्याला वाटतं आपण कुठलेही निवडतोय पण माणसाच्या डोक्यातून तेच ते निघतं. शिवाय शेवटच्या शब्दात चेकसम म्हणजे बाकीचे शब्द बरोबर आहेत का ते तपासायचा आकडा असतो, पहिले अकरा ठरले की बाराव्या जागी २०४८ पैकी फक्त १२८ शब्द चालतात, ते गणित यंत्रालाच करू द्या.

सीडसायनर आणि तसली फर्मवेअर फाशांचे आकडे ओळीने घेऊन त्यांचा एसएचए-२५६ हा हॅश काढतात, त्यात लपवाछपवी काही नाही, म्हणून यंत्र खरंच तुमचे फासे वापरतंय का ते तपासता येतं. आधी खोटे खोटे आकडे द्या, १२३४५६ असे पुन्हा पुन्हा, आणि तेच आकडे लॅपटॉपवर देऊन तेच शब्द येतात का बघा. जुळले की मग खऱ्या फेकी, आणि त्या मात्र कुठल्याही लॅपटॉपला दाखवायच्या नाहीत.

गुहागरहून: ईएसपी-३२ मध्ये ब्लूटूथची चोरवाट सापडली असं वाचलं होतं. मग त्यावर वॉलेट कसं करायचं?

मार्च २०२५ ची बातमी ती. टार्लॉजिक या स्पॅनिश कंपनीने कागदपत्रांत नसलेल्या २९ कमांड शोधल्या आणि आधी त्याला चोरवाट म्हटलं, नंतर त्यांनीच तो शब्द मागे घेऊन छुपी सोय असं म्हटलं. त्या कमांड हवेतून कोणी लांबून पाठवू शकत नाही, ज्याच्या हातात आधीच त्या चिपवरचा प्रोग्रॅम आहे त्यालाच त्या देता येतात. तेव्हा त्या बातमीने घाबरून बोर्ड फेकू नका. पण वॉलेटला रेडिओ कशाला पाहिजे हा प्रश्न उरतोच आणि माझ्या मते नकोच. पाय झिरोच्या १.३ या आवृत्तीवर वाय-फाय नाही, नावापुढे डब्ल्यू असलेल्यावर आहे, घेताना बघून घ्या. के-२१० चिपमध्येही रेडिओ नाही, पण काही बोर्डांवर शेजारी वेगळं वाय-फाय मॉड्यूल चिकटवलेलं असतं, तो चौकोनी पत्रा दिसला तर तो बोर्ड दुसऱ्या कामाला ठेवा.

कुडाळहून: सर, मी पिकोवर पिनचं लॉक लावलंय, तीनदा चुकलं की सगळं पुसतं. आता चोरीला गेलं तरी चिंता नाही ना?

आहे. पिकोवर फ्लॅश मेमरी ही आरपी२०४० च्या बाहेर, शेजारी वेगळी चिप आहे. तुमचा प्रोग्रॅम चालूच न करता, बूटचं बटण दाबून यूएसबी लावली तरी सगळी मेमरी लॅपटॉपवर उतरवून घेता येते, तुमचं तीनदा चुकलं की पुसायचं लॉक तिथे कामावर हजरच नसतं. असला पिन म्हणजे गडग्यावर टाकलेली काट्यांची फांदी, गुरं अडतात, माणूस नाही.

आणि हे फक्त घरी बनवलेल्याचं नाही. २०१४ मध्ये आलेलं ट्रेझर वन हे पहिलं नावाजलेलं हार्डवेअर वॉलेट, त्याच्यात साधा एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर आहे. जानेवारी २०२० मध्ये क्राकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सिक्युरिटी टीमने दाखवलं की यंत्र हातात आलं तर व्होल्टेजला अगदी नेमक्या क्षणी झटका देऊन पंधराएक मिनिटांत त्यातून सीड काढता येतं. ईएसपी-३२ चं सिक्युअर बूट आणि फ्लॅश एन्क्रिप्शन २०१९ मध्ये अशाच झटक्यांनी फोडलं गेलं, कंपनीला चिपची नवी आवृत्ती काढावी लागली. आरपी२३५० मध्ये हे झटके ओळखणारी सर्किटं घातली आणि ती फोडणाऱ्याला बक्षीस लावलं, पुढे ते २०,००० डॉलरपर्यंत वाढवलं, तरी जानेवारी २०२५ मध्ये एकापेक्षा जास्त जणांनी फोडून दाखवल्याचं जाहीर झालं. म्हणजे कंपन्यांना जे जड जातंय ते आपण टेबलावर बसून करू अशी आशा धरू नका.

कोणी तुम्हाला सांगेल की एटीईसीसी६०८ ही सिक्युरिटी चिप शेजारी सोल्डर करा, स्वस्त आहे. चिप चांगली आहे, पण ती पी-२५६ या कर्व्हवर (सहीच्या गणिताचा एक प्रकार) सही करते आणि बिटकॉइनला लागतो सेकपी२५६के१, तेव्हा सही ती करूच शकत नाही, फार तर एक गुपित सांभाळेल, सही पुन्हा मुख्य चिपमध्येच करावी लागणार.

उपाय सोपा आहे, यंत्रात काही ठेवूच नका. सीडसायनर आणि क्रक्स असेच चालतात. वापरायचं असेल तेव्हा बारा शब्दांचा कागदावर हाताने रंगवलेला क्यूआर कॅमेऱ्यासमोर धरायचा, सही करायची, वीज काढायची. चोराच्या हाती लागतो तो रिकामा बोर्ड. मात्र तो क्यूआरचा कागद म्हणजेच तुमचे पैसे, त्याचा मोबाइलने फोटो कधीही काढू नका, गॅलरीतला फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि मग सगळी मेहनत पाण्यात. बारा शब्दांच्या जोडीला पासफ्रेजही, म्हणजे स्वतः ठरवलेलं जादा गुपित, लावता येते, पण नीट समजून लावा, पासफ्रेज चुकली तर यंत्र चुकली असं म्हणत नाही, एक वेगळंच रिकामं वॉलेट उघडून दाखवतं, आणि विसरलात तर विचारायला कोणी नाही.

वेंगुर्ल्याहून: मी शिक्षिका आहे. वझीरएक्स या एक्स्चेंजमध्ये माझे पैसे अडकले होते म्हणून स्वतःचं वॉलेट करायचं ठरवलं. भाचा म्हणतो स्क्रीन नसलेला बोर्ड घेऊ, स्वस्त पडेल, लॅपटॉपवर तर सगळं दिसतंच. बरोबर आहे का?

ताई, भाच्याला सांगा बाकी कशातही काटकसर कर, स्क्रीनमध्ये नको. तुमचे पैसे ज्यात अडकले तेच उदाहरण बघा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून साधारण २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, ते वॉलेट एकाच माणसाच्या सहीवर चालणारं नव्हतं, अनेकांच्या सह्या लागत होत्या, त्या सह्या हार्डवेअर वॉलेटनेच होत होत्या, आणि कंपनीने स्वतः सांगितलं की पडद्यावर दिसत होतं ते आणि प्रत्यक्ष ज्यावर सही झाली ते यात फरक होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे जवळजवळ दीड अब्ज डॉलर गेले तेही असेच, वेबपेजवर दाखवला एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावर. की कोणाचीच चोरीला गेली नव्हती. लॅपटॉप खोटं दाखवू शकतो हे धरूनच तर आपण वेगळं यंत्र बनवतोय, मग बघायचं पुन्हा लॅपटॉपवरच असेल तर त्या यंत्राचा उपयोग काय?

स्क्रीन मोठी नको, नीट वाचता येईल एवढी पुरे. पाऊण-एक इंचाची १२८ बाय ६४ पिक्सेलची ओएलईडी असते ना, तिच्यावर नेहमीच्या बारीक अक्षरात एका ओळीत २१ अक्षरं मावतात, आणि बीसी१क्यू ने सुरू होणारा साधा बिटकॉइन पत्ता असतो ४२ अक्षरांचा, म्हणजे बरोबर दोन ओळी. पत्ता पूर्ण वाचा, सुरुवातीचे चार आणि शेवटचे चार जुळले की झालं असं करू नका, कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात आणि टोकं सारखी असलेला पत्ता बनवणं त्यांना जमतं. रक्कम, फी आणि उरलेले पैसे आपल्याच पत्त्यावर परत येतायत ना, हे पण त्याच स्क्रीनवर बघा. आणि घरी बनवलेलं वॉलेट बिटकॉइनपुरतंच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन, इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोच्या नेटवर्कवरच्या कॉन्ट्रॅक्टचे (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) व्यवहार छोट्या स्क्रीनवर माणसाला वाचता येतील असे दाखवणं फार कठीण, आणि वरचे दोन्ही घोटाळे त्याच बाजूचे आहेत.

सावंतवाडीहून: स्वतः वॉलेट बनवणं कायद्याने चालतं का? टॅक्स?

वॉलेट बनवायला किंवा वापरायला बंदी नाही. बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. नफा काढताना फक्त खरेदीची किंमत वजा होते, बोर्डाचा खर्च नाही. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये आणणं ही विक्री नाही, पण तारीख, रक्कम आणि ट्रान्झॅक्शन आयडी वहीत लिहून ठेवा, पुढे सीएने विचारलं की सापडत नाही.

चिपळूणहून: २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत पाणी होतं, सगळे कागद गेले. असं वॉलेट केलं आणि परत पूर आला तर? आणि बारा शब्द तीन कागदांवर आठ-आठ असे वाटून ठेवले तर कुठलेही दोन मिळाले की काम होईल असं मित्र म्हणतो, ते चांगलं का?

यंत्र बुडालं तर बुडू दे, नवा बोर्ड आणून तेच शब्द घातले की सगळं परत. बीआयपी-३९, म्हणजे शब्दांवरून सीड काढायची ठरलेली पद्धत, २०१३ मध्ये आली आणि आता जवळजवळ सगळीकडे चालते, त्यामुळे तोच बोर्ड मिळाला पाहिजे असंही नाही. जपायचे ते शब्द. आपल्याकडे कागदाचं काही खरं नाही, पूर नाही आला तरी पावसाळ्यात बुरशी येते, शाई पसरते, माळ्यावरच्या पेटीत वाळवी लागते, आणि लॅमिनेट केलं तर कडेने ओल शिरून आत तशीच राहते. स्टीलच्या पट्टीवर अक्षरांचे पंच ठोकून शब्द उमटवा. इंग्रजी यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो म्हणून चारच अक्षरं ठोकली तरी पुरतात, बारा शब्दांना फार तर ४८ ठोके. खाडीजवळ किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ३०४ पेक्षा ३१६ नंबरचं स्टेनलेस घ्यावं, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. ॲल्युमिनियम नको, ते ६६० अंशालाच वितळतं, घराला आग लागली तर हाती काही उरणार नाही. आणि हे ठोकायचं काम घरीच करा, लेझर कोरून देणाऱ्या दुकानात दिलंत की शब्द त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गेले.

मित्राची तीन कागदांची युक्ती वापरू नका. एक कागद कोणाला सापडला तर त्याला आठ शब्द कळले, राहिले चार, आणि चार शब्द शोधणं आज शक्य आहे. २०२० मध्ये एकाने मुद्दाम बारापैकी आठ शब्द जाहीर करून एक बिटकॉइन बक्षीस ठेवला होता, एका प्रोग्रॅमरने भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स कार्डांवर लाख कोटीच्या वर शक्यता तपासून तो साधारण तीस तासांत जिंकला. त्यापेक्षा दोन अख्ख्या पट्ट्या करा, एक घरात वरच्या मजल्यावर आणि दुसरी पुराच्या पाण्यापासून लांब, मामाकडे म्हणा किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. तीनपैकी दोन असंच पाहिजे असेल तर त्यासाठी मल्टिसिग म्हणजे अनेक सह्यांचं वॉलेट आहे, त्यात तीन वेगळ्या सीड असतात, पण मग दोन सीड सापडून भागत नाही, तिघांच्याही एक्सपब (पत्ते काढायच्या सार्वजनिक किल्ल्या) लागतात, त्या प्रत्येक पट्टीबरोबर ठेवाव्या लागतात आणि इथेच लोक फसतात.

यंत्रासाठी म्हणाल तर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, बॅटरी काढून वेगळी. पिनांवर हिरवट चढलं तर आयसोप्रोपिल आणि जुन्या ब्रशने निघतं.

आणि पैसे टाकण्याआधी एकदा हे करून बघा. पहिला पत्ता लिहून घ्या, यंत्र पूर्ण पुसून टाका, पट्टीवरचे ठोकलेले शब्द बघून पुन्हा घाला, तोच पत्ता आला का बघा. हे घरातल्या दुसऱ्या माणसाकडून, बायकोकडून, भावाकडून, तुम्ही एक शब्द न बोलता करून घ्या, कुठे अडतात ते तिथेच कळेल. पट्टीसोबत एका चिठ्ठीवर वॉलेटचा प्रकार म्हणजे नेटिव्ह सेगविट (बीसी१क्यू वाले पत्ते), डेरिव्हेशन पाथ म्हणजे सीडमधून पत्ते काढायची वाट ८४ ची, कुठलं ॲप वापरत होतात आणि पासफ्रेज आहे की नाही एवढं लिहून ठेवा, पासफ्रेज स्वतः मात्र त्या चिठ्ठीवर नको, ती दुसऱ्या जागी.